वहीतले हॉकीपटू आणि कॅनडातलं घर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. कॅनडात कायम राहायचा परवाना, म्हणजे पीआर, हातात आहे. नोकरीचे दोन पर्याय आहेत, एक ओंटारिओ प्रांतातल्या टोरंटोच्या आसपास, दुसरा पश्चिमेकडच्या एडमंटनला. मुलगा दहा वर्षांचा, नोव्हेंबरचा जन्म, तीन वर्षं इनलाइन, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवरचं, स्केटिंग करतोय. एनएचएल या आइस हॉकीच्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगच्या सत्तर-ऐंशी खेळाडूंची अख्खी कारकीर्द त्याने वहीत उतरवून काढलीय: जन्म कुठला, कितव्या वर्षी कुठली लीग, ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात) कितवा, किती सामने, किती गोल. त्या वहीवरून बापलेकांनी हिशेब मांडलाय की सोळाव्या वर्षी ज्युनियर, म्हणजे सोळा ते विशीच्या मुलांची लीग, आणि अठराव्या वर्षी ड्राफ्ट. मग घर कुठे घ्यावं, आणि उशीर तर झाला नाही ना, हे तुम्हाला हवंय.

मी बारा वर्षं ओंटारिओत आहे. माझा मुलगा सातव्या वर्षी खेळायला लागला, आता सतराचा आहे आणि मित्रांबरोबर हाउस लीगमध्ये, म्हणजे गावातल्या हौशी मुलांच्या लीगमध्ये, मजेत खेळतो. म्हणजे मी यशस्वी खेळाडूची आई वगैरे नाही. पण पहाटे सहाच्या आइस टाइमला (बर्फावर खेळायच्या ठरलेल्या वेळेला) रिंकच्या थंडगार बाकावर बसून मी इतर आयांबरोबर असे शेकडो प्रोफाइल वाचलेत, आणि ते वाचायचे कसे हे मला उशिराच कळलं. ते सांगते.

पहिलं म्हणजे वहीत ग्रेट्स्की, क्रॉसबी, मॅकडेव्हिड हे दिग्गज असणारच. असू देत, पण त्यांच्यावरून काही ठरवू नका. ग्रेट्स्कीचे ८९४ गोल आणि १,९६३ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास); दोन्ही मिळून होतात गुण. गोल बाजूला ठेवून नुसते असिस्ट मोजले तरी एकूण गुणांत त्याच्या पुढे कुणी नाही. रशियाच्या ओव्हेचकिनने एप्रिल २०२५ मध्ये गोलांचा विक्रम मोडला, पण या बाकीच्या डोंगराकडे कुणी फिरकलेलंही नाही. अशा माणसाच्या प्रोफाइलवरून मुलाची वाट आखू नये, एवढं तुम्हालाही पटेल.

त्यांच्या पानावरची एकच गोष्ट बघा: गावांची नावं. ग्रेट्स्की ब्रॅन्टफर्डचा. वडिलांनी मागच्या अंगणात पाणी सोडून रिंक गोठवलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण चौदाव्या वर्षी तो ते घर सोडून टोरंटोला दुसऱ्या कुटुंबात राहायला गेला, हे कुणी सांगत नाही. सोळाव्या वर्षी त्याहून लांब, सू सेंट मरीला. क्रॉसबी नोव्हा स्कोशियाच्या कोल हार्बरचा. पंधराव्या वर्षी मिनेसोटातल्या बोर्डिंग शाळेत, सोळाव्या वर्षी क्युबेकमधल्या रिमुस्कीला, जिथे अख्खं गाव फ्रेंच बोलतं.

इथे याला बिलेट म्हणतात. ज्युनियर संघ मुलाला आपल्या गावातल्या एखाद्या कुटुंबात ठेवतो. ते लोक त्याला जेवायला घालतात, त्याच्या शाळेच्या वेळा सांभाळतात, आणि आई-बाप महिन्यातून एकदा गाडी हाकत सामना बघायला जातात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी चार वर्षांत तीन मुलं अशी सांभाळली. तिसरा मुलगा जानेवारीत ट्रेड झाला, म्हणजे संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकला. संध्याकाळी फोन आला, रात्री बॅग भरली, सकाळी गाडी. त्याचा अर्धा संपलेला शाम्पू तिने मार्चपर्यंत बाथरूममधून हलवला नव्हता.

तर तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर असं: हॉकीसाठी घर कुठे घ्यावं हा प्रश्नच चुकीचा आहे. मुलगा सामान्य निघाला तर कुठलंही गाव चालतं. असामान्य निघाला तर चौदा-पंधराव्या वर्षी तो त्या घरात राहणारच नाही. आपण आयुष्यात एकदा देश बदलायचा म्हणून दोन वर्षं कागद जमवतो, आणि ही पोरं पंचविशीच्या आत आठ-दहा गावं बदलतात. नोकरी जिथे चांगली, तिथे या.

तरी फरक विचारलाय म्हणून सांगते. ज्युनियरच्या तीन मोठ्या लीग आहेत आणि त्यांनी देश वाटून घेतलाय: ओंटारिओची ओएचएल, पश्चिमेच्या प्रांतांची डब्ल्यूएचएल, क्युबेक आणि अटलांटिककडची तिसरी. तुम्ही राहता कुठे त्यावरून मुलाला कुठली लीग निवडणार ते ठरतं. टोरंटोकडे संघ ढीगभर, स्पर्धाही तशीच, आणि आई-बापांचं राजकारण तर विचारू नका. एडमंटनला थंडी जास्त, पण वस्तीवस्तीत उघड्या रिंक असतात. तिथे पोरं शाळेतून आली की काळोख पडेपर्यंत कोचशिवाय, शिट्टीशिवाय खेळतात. दहा वर्षांच्या नवख्या मुलाला मी तरी हे दुसरं आधी देईन.

आता वहीत न सापडणारे खेळाडू. मुलाला ही नावं लिहायला सांगा.

रॉबिन बावा. ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा पंजाबी मुलगा. १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याचं पान उघडलं की वॉशिंग्टनला ५ सामने, व्हँकुव्हरला २, सॅन होजेला ४२, अॅनाहाइमला १२ दिसतात. एकूण ६१ सामने, ६ गोल. वरवर वाटतं, एवढंच? पण मधल्या ओळी वाचा. त्या सगळ्या खालच्या लीगच्या आहेत, बसने फिरणाऱ्या संघांच्या. व्हँकुव्हरच्या त्या २ सामन्यांसाठी त्या वर्षी तो दुसरीकडे किती खेळला असेल ते बघा. खरी नोकरी ती होती.

मॅनी मल्होत्रा मिसिसागाचा, वडील भारतीय वंशाचे, आई फ्रेंच कॅनेडियन. १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला, सात संघांकडून ९९१ सामने खेळला, पण गोल फक्त ११६. पहिल्या दहात निवडलेल्या माणसाकडून लोकांना याच्या तिप्पट हवे असतात. मग तो इतका टिकला कसा? फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेला पक (हॉकीची रबरी चकती), जिंकण्यावर आणि समोरच्याला गोल करू न देण्यावर. असिस्ट, गोल, प्लस-मायनस (तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) या रकान्यांत हे काम नीट दिसत नाही. मार्च २०११ मध्ये पक डोळ्यावर बसला, आणि जूनमध्ये एनएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनली कपच्या, अंतिम फेरीत हा माणूस पूर्ण चेहरा झाकणारं कवच लावून पुन्हा बर्फावर उतरला. प्रोफाइलमध्ये यापैकी एवढंच दिसतं की त्या मोसमात काही सामने कमी आहेत.

अर्शदीप बैन्स ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. २०२१-२२ मध्ये डब्ल्यूएचएलमध्ये सर्वाधिक, ११२ गुण काढले, मग व्हँकुव्हरने थेट करार केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिला सामना मिळाला. म्हणजे तुमच्या हिशेबातला 'अठराव्या वर्षी ड्राफ्ट' त्याच्या पानावर कोराच आहे. गोली (गोलरक्षक) टिम थॉमसचं पान तर एखाद्या फिरत्या विक्रेत्याच्या डायरीसारखं आहे: १९९४ मध्ये २१७ वा निवडला गेला, फिनलंड, स्वीडन, अमेरिकेतल्या खालच्या लीग, पुन्हा फिनलंड, आणि एनएचएलमध्ये जम बसला तेव्हा वय ३१. सदतिसाव्या वर्षी स्टॅनली कप, आणि प्लेऑफचा (त्या कपासाठीच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडूही तोच.

रिकाम्या ओळीही वाचायला शिकवा. गोली केन ड्रायडन: १९७२-७३ आहे, १९७४-७५ आहे, मधलं वर्षच नाही. दुखापत नव्हती. पैशांवरून संघाशी जमलं नाही, तर हा गडी वकिलीची उमेदवारी पुरी करायला टोरंटोच्या ऑफिसात जाऊन बसला! एकूण ३९७ सामने, सहा स्टॅनली कप आणि एकतिसाव्या वर्षी निवृत्ती. शिक्षण की खेळ हा वाद तुमच्या घरात होईल तेव्हा हे पान उपयोगी पडेल. (आमच्याकडे पडलं नाही. मुलगा म्हणाला, 'आई, तो गोली होता.')

उशिराचं म्हणाल तर दहा म्हणजे उशीरच. इथली मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी खुर्ची ढकलत बर्फावर उभी राहतात. पण एड जोव्हानोव्हस्की नियमित हॉकी खेळायला लागला तो अकराव्या वर्षी, आणि १९९४ मध्ये ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. स्थलांतरित आई-बापांचाच मुलगा. हे अपवाद आहेत, आणि तेव्हा बारा महिने हॉकीचं खूळ एवढं नव्हतं. दिलासा म्हणून ठेवा, योजना म्हणून नको.

नोव्हेंबरचा जन्म मात्र त्रास देईल. इथे गट कॅलेंडर वर्षाचे, त्यामुळे जानेवारीतला मुलगा त्याच संघात दहा महिन्यांनी मोठा असणार. दहाव्या वर्षी दहा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि सगळी धिटाई. ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवड चाचणीत, कोच नकळत मोठ्यालाच निवडतो. पुढे हेच उलटतं. एनएचएल ड्राफ्टसाठी अठरा पूर्ण असायची शेवटची तारीख १५ सप्टेंबर, म्हणून वर्षअखेरीच्या मुलांना आणखी एक मोसम मिळतो. ओव्हेचकिन १७ सप्टेंबरचा. दोन दिवसांनी २००३ चा ड्राफ्ट हुकला, तर फ्लोरिडाच्या संघाने लीप वर्षांचे दिवस धरून तो पात्रच आहे असा युक्तिवाद केला होता. चालला नाही, पण हिंमत बघा.

पैशांचं थोडक्यात. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार अमेरिकन डॉलर होता, पण टू-वे करार असला तर खालच्या लीगमध्ये पाठवल्या दिवसापासून पगार खालच्या लीगचा. ज्युनियरमध्ये पगार नाही, भत्ता मिळतो, आणि खेळलेल्या मोसमांच्या हिशेबाने पुढच्या शिक्षणाला मदत. पूर्वी या लीगमध्ये खेळलं की अमेरिकेतल्या एनसीएए कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. ऑगस्ट २०२५ पासून ते उघडलंय. तुमच्या वहीतले जुने मार्ग या एका बदलाने शिळे झालेत.

आणि एक सावधगिरी, कारण मी फसलेय. दुसऱ्या वर्षी एका खासगी स्प्रिंग टीमच्या (मोसम संपल्यावर वसंतात खेळणाऱ्या संघाच्या) माणसाने मला दोन ड्राफ्ट झालेल्या मुलांचे प्रोफाइल दाखवले, 'हे आमचे'. मी १,८०० डॉलर भरले. माझं पोर पाच सामने बेंचवर बसलं. नंतर कळलं की त्यातला एक मुलगा त्यांच्याकडे एका उन्हाळ्यात दोन आठवडे आला होता. प्रोफाइलमध्ये ज्या संघाचं नाव नाही, त्या संघाने तो खेळाडू घडवलेला नाही, एवढं धरून चाला. पहिलं वर्ष साधी हाउस लीग. ट्रिपल ए या सर्वात वरच्या स्तराच्या, वर्षाला लागणाऱ्या हजारो डॉलरांचा विचार बाराव्या वर्षानंतर करा. अंगावर धडक द्यायची परवानगीही तेरा-चौदाच्या गटापासूनच आहे, तोवर त्याचे पाय बर्फावर बसू देत.

पाय बसणं म्हणजे मुख्यतः थांबणं. इनलाइनवाल्या मुलांना वेग असतो, वळण असतं, फक्त थांबता येत नाही. बर्फावर पाती आडवी करून वरचा थर खरवडत थांबायचं असतं, चाकांवर ती सवय लागलेलीच नसते. आमच्या रिंकवर असा एक मुलगा पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे सुसाट गेला आणि सरळ फळीवर जाऊन आदळला. उठला, हसला, पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पात्यांखालून पहिल्यांदा पांढरा भुगा उडाला, तेव्हा त्याची आई आमच्या बाकावरून ओरडलीच.

शक्यतो ऑगस्टमध्ये या. मोसम सप्टेंबरला सुरू होतो आणि हाउस लीगची नोंदणी त्याच्या बरीच आधी भरते, तेव्हा पत्ता नक्की झाल्याबरोबर नाव घाला. तिकडून हेल्मेट आणू नका. इथे सीएसए या कॅनडातल्या मानक संस्थेचा शिक्का असलेलंच चालतं. स्केट्स पहिल्या वर्षी वापरलेले घ्या, बुटाच्या मापापेक्षा एक-दीड नंबर लहान बसतात, आणि धार लावून घेतल्याशिवाय बर्फावर पाठवू नका. नवे असले तरी पात्यांना धार नसते. लेस आवळायचा एक छोटा लोखंडी हुक मिळतो, तो आठवणीने घ्या. पहाटे सहाला गारठलेल्या बोटांनी मी दोन हिवाळे त्याच्याशिवाय काढलेत.