शेवग्याच्या पानांचा अर्क डीपीपीएच चाचणीत (अँटिऑक्सिडंट गुण तपासणारी रंगबदलाची चाचणी) चांगला आला, म्हणजे तो ॲसिडिटीवरही चालतो असं प्रोजेक्टमध्ये लिहू का?

नका लिहू, त्या चाचणीतून अर्क अँटिऑक्सिडंट आहे एवढंच सिद्ध होतं, अँटासिड (आम्ल मारणारा) आहे हे नाही. पुण्यात फार्मसीच्या मुलांकडून मी अँटिऑक्सिडंट आणि अँटासिड अशा दोन्ही चाचण्या करून घेते आणि हा घोळ दरवर्षी बघते. डीपीपीएचचं जांभळं द्रावण पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण घटतं, ते मुख्यतः फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड गटातल्या द्रव्यांमुळे. ही द्रव्यं आम्ल मारत नाहीत; फिनॉल तर स्वतःच सौम्य आम्लधर्मी असतात. आम्ल मारायला अल्कली हवी, आणि अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात पानातले क्षार फारसे उतरत नाहीत. त्यामुळे वेगळं टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून आम्ल मोजणं) कराच: ठरावीक वजनाचा अर्क ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळा, उरलेलं आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजा, सोबत नुसतं पाणी आणि खायचा सोडा तुलनेला ठेवा. अर्क हिरवट-तपकिरी असतो, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या सूचकाचा गुलाबी रंग धड दिसतच नाही, म्हणून पीएच मीटर वापरा. पाला मंडईतून आणला असेल तर फांदीसकट नमुना कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातून आधी ओळखून घ्या, परीक्षक हमखास विचारतात. एक मात्र आहे: टायट्रेशनमध्ये आकडा कमी आला म्हणून वनस्पती निरुपयोगी ठरत नाही. जठरात आम्ल कमी स्रवणं किंवा अस्तराचं रक्षण होणं, हे परिणाम काचेच्या भांड्यात दिसत नाहीत.