गुंतवणूकदाराला मताधिकार द्यावा का?

प्रश्न : आमची विणकरांची जुनी सहकारी संस्था आहे. तरुण सभासदांना विक्रीसाठी ॲप काढायचं आहे. एक गुंतवणूकदार पैसे लावायला तयार आहे, पण ‘जितके शेअर तितकी मतं’ ही त्याची अट आहे. कार्यकारिणीतल्या जुन्या मंडळींना तर ॲपच नको. कोणाचं ऐकावं?
– एक सचिव

उत्तर : सचिवसाहेब, ॲपच्या बाबतीत तरुणांचं ऐका आणि त्या अटीला साफ नकार द्या. हे दोन वेगळे विषय आहेत, सभेतही वेगवेगळे मांडा.

संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी हयात गेली. नवीन काही केलं म्हणून बुडालेल्या संस्था थोड्या. कोणाला आत घेतलं यावरून वाट लागलेल्या पुष्कळ. यातलं सर्वांत बोलकं उदाहरण विणकरांच्याच गावचं आहे. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी मिळून सहकारी दुकान काढलं, त्याचे गोडवे सगळेच गातात. पुढचं फारसं कोणी सांगत नाही. १८५४ मध्ये तिथल्याच सहकारी मंडळींनी कापडगिरणी सुरू केली आणि कामगारांनाही नफ्यात वाटा ठेवला. धंदा वाढला, भांडवल लागलं, नुसत्या परताव्यावर डोळा असलेले भागधारक आत आले. १८६२ मध्ये त्यांनी मतदान घेऊन कामगारांचा वाटा बंद केला. लबाडी कोणीच केली नाही, सगळं अगदी रीतसर!

म्हणून त्या गृहस्थांचा पैसा घ्यायचाच तर कर्जाऊ घ्या. व्याज आणि मुदत ठरवून. तुमच्याकडचा कायदा परवानगी देत असेल तर बिनमताचे शेअर द्या. भांडवलावर परतावा दिलाच तर तो मर्यादित असावा, असं आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने १९९५ च्या तत्त्वांतही म्हटलंय.

आता ॲप. ते एकट्यानेच बनवायला हवं असं नाही. युरोपात सायकलवरून माल पोचवणाऱ्यांच्या अनेक सहकारी संस्था ‘कूपसायकल’ हे एकच सॉफ्टवेअर मिळून वापरतात. धंद्यासाठी ते सहकारी संस्थांनीच वापरावं, अशी परवान्यातच अट आहे. तुमच्यासारख्या चार संस्था गाठा, खर्च वाटून घ्या.

कंत्राट मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. एका संस्थेच्या दप्तरात मला वेबसाइटच्या नावाची नोंदणी पुढे चालू ठेवल्याची पावती सापडली. ती संस्थेच्या नव्हे, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावाने होती. पुढे पैशावरून बिनसलं आणि त्याने सरळ वेबसाइट बंद केली. तेव्हा वेबसाइटचं नाव, मूळ कोड, ग्राहकांची यादी आणि पासवर्ड संस्थेच्या मालकीचे राहतील, हे लेखी घ्या. रोजचं काम बघायला एखाद्या तरुण सभासदाला पगारावर नेमा. फुकटात राबणारा उत्साही कार्यकर्ता सहसा लवकर थकतो, आणि जाताना कोणाला काही समजावून देत नाही.