पंचगंगा 39 फुटांवर आली की सर्व्हरचं काय?

प्रश्न : कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ आमचं पंपांच्या सुट्या भागांचं होलसेल दुकान आहे. तळमजल्यावर लिनक्स सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये बिलिंग आणि स्टॉक. डेटाबेस 12 जीबी, बिलांचे स्कॅन धरून एकूण 300 जीबी. रेड-1 मध्ये (एकच डेटा दोन्हींवर एकदम लिहिणारी जोडणी) दोन डिस्क आहेत, शिवाय रोज रात्री 2 वाजता यूएसबी डिस्कवर डम्प (डेटाबेसची फाइलमधली पूर्ण नक्कल) आणि स्कॅन जातात. पुरासाठी एवढं पुरेल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही पुरणार. तिन्ही डिस्क एकाच टेबलावर आहेत, पाणी आलं तर तिन्ही एकदम जातील. रेडचा उपयोग एक डिस्क बिघडली तर काम न थांबण्यापुरता. कुणी चुकून टेबल उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. आणि कायम जोडलेली यूएसबी डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत सर्व्हरबरोबरच सापडते.

आधी आहे तो बॅकअप उघडून बघा. डम्प थेट जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामकडे सोडणाऱ्या (पाइप करणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये एक खोट हमखास निघते. पासवर्ड बदलल्यामुळे डम्प फसला, तरी जीझिप आपलं काम नीट संपवतो आणि स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणून मोकळी होते. हाती उरते 20 बाइटची रिकामी फाइल. म्हणून बॅशमध्ये (स्क्रिप्ट चालवणारा लिनक्सचा प्रोग्राम) ‘पाइपफेल’ चालू करा, म्हणजे मधली पायरी फसली तरी ते कळतं, आणि फाइलच्या शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ ही ओळ आली का, ते स्क्रिप्टलाच तपासायला लावा. इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण प्रकार) टेबलांसाठी डम्पच्या आज्ञेत ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हवंच. दुकान चालू असतानाही त्यामुळे एकाच क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्याय वेगळे द्यावे लागतात, नाहीतर स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) मागेच राहतात. सर्व्हरचं घड्याळही बघा. ते यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर तुमचे रात्रीचे 2 म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात.

रात्रीच्या एका डम्पवर विसंबलात तर संध्याकाळी सर्व्हर गेल्यावर दिवसभराची बिलं गेली. ती परवडणार नसतील तर बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) चालू करून दर तासाला बाहेर पाठवा. डम्पमध्ये ‘सोर्स-डेटा=2’ द्या (जुन्या आवृत्तीत ‘मास्टर-डेटा=2’), म्हणजे लॉग कुठून पुढे लावायचा ते कळतं.

आता बाहेरची प्रत. ती रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामने मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडमधल्या साठवणीवर) पाठवा. अपलोड 20 एमबीपीएस असेल तर पहिले 300 जीबी चढायला साधारण 33 तास लागतात, म्हणून शनिवारी रात्री सुरू करा. पुढे रोजचा 4 जीबीचा फरक अर्ध्या तासात जातो. प्रती 7 दैनिक, 4 साप्ताहिक, 12 मासिक ठेवा. बकेटचं (त्या साठवणीतल्या तुमच्या कप्प्याचं) व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या राखणं, चालू ठेवा, आणि सर्व्हरवरच्या प्रवेश-कीला जुन्या आवृत्त्या कायमच्या पुसायचा अधिकार देऊ नका. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कुणालाच उघडता येत नाही; तो कागदावर लिहून दुकानाबाहेर ठेवा. तो फक्त त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये असणं म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून कुलूप लावणं.

यूएसबी डिस्क दोन घ्या आणि दर आठवड्याला अदलाबदल करा. एक राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात राहू दे. पुलाची शिरोलीला नको. महामार्ग पाण्याखाली गेला की डिस्क कोरडी असूनही हाताला लागत नाही.

पूर आपल्याकडे बहुतेक वेळा सांगून येतो, त्याचा फायदा घ्या. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 धोक्याची. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. 39 झाले की जादा डम्प घ्या आणि हाताशी असलेली डिस्क दुकानाबाहेर न्या. 43 ची वाट न बघता सर्व्हर रीतसर बंद करून वरच्या मजल्यावर हलवा. पाण्याखालच्या भागातली वीज बंद करतात, तेव्हा यूपीएसच्या भरवशावर राहू नका.

मे महिन्यात एकदा दुसऱ्या संगणकावर, त्याच आवृत्तीच्या मायएसक्यूएलवर सगळं परत उभं करा आणि किती वेळ लागतो ते मोजा. 100 एमबीपीएसने 300 जीबी उतरवायलाच पावणेसात तास जातात, वर डम्प भरण्याचा वेळ. दुकान तेवढं थांबू शकत नसेल तर आधी डेटाबेस उतरवा. स्कॅन मागून येऊ देत. कालचं शेवटचं बिल नंबरासकट दिसलं तरच चाचणी झाली म्हणा.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीची ड्रॉइंग आणि हिशेब क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये असतात. वेगळा बॅकअप कशाला?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : सिंक चुकासुद्धा तितक्याच इमानदारीने पोचवतं. इथे पुसलेलं ड्रॉइंग तिथेही पुसलं जातं, आणि कचरापेटी ठरावीक दिवसांनी रिकामी होते. जीएसटीची कागदपत्रं मात्र वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात. फाउंड्री कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर असायला हवा. तुमच्या क्लाउड खात्याचा डेटा कुठे राहतो, ते सेटिंगमध्ये आजच बघून घ्या.