सांगायचं की सोसायचं?

दुर्बिणीची तपासणी ठरलेल्या बायका माझ्याकडे येतात त्या एकच प्रश्न घेऊन. "मॅडम, भूल उतरल्यावर किती दुखंल?" कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ झालंय. तीच माझी चूक होती.

कागलची ही मुलगी. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघू म्हटलेलं. जावेनं घाबरवलेलं, "माझं पोटाचं ऑपरेशन झालं आणि खांदाच धरला." मी समजावलं. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात. थोडा वायू मागं राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, टोचत राहतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या संवेदनाही तिथल्याच, म्हणून मेंदू फसतो. दोन-तीन दिवसांत थांबतं. दुर्बीण घालायला पाडलेल्या छिद्रांपाशी बधिर करणारं इंजेक्शन देतात, बऱ्याचदा ब्युपिव्हाकेन. त्याचा असर काही तास टिकतो, पण पोटातली कळ आणि खांदा त्यानं थांबेलच असं नाही. त्यासाठी गोळ्या.

तिनं मान डोलावली. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न.

तिसऱ्या भेटीत मी उत्तर दिलंच नाही. विचारलं, "इंजेक्शन उतरेल तेव्हा तू कुठं असशील?"

"घरी. रात्र झालेली असंल."

"मग?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. "रात्री कुणाला उठवायचं मॅडम? सासूबाईंची चार बाळंतपणं घरात झाली. दुखणं झेपंल मला. मागणं झेपत नाही."

दोन भेटी मी औषधाबद्दल बोलत होते आणि ती घराबद्दल विचारत होती! मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी मी. घटनेपेक्षा त्या घटनेविषयीची समजूत माणसाला जास्त छळते, हे मानणारी. तिच्या समजुतीत एक 'च' होता: चांगल्या सुनेनं सोसलंच पाहिजे. तो 'च' काढायला एक पूर्ण तास गेला. तो तास मला अजून आवडतो.

मग नवऱ्याला बोलावलं. कागदावर गोळ्यांच्या वेळा लिहिल्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशाच. बधिरपणा जायच्या आधी पहिली गोळी पोटात हवी; कळ चढल्यावर ती उतरवणं अवघड जातं. इंजेक्शन कोणतं, किती तास पुरेल, ॲसिडिटी असेल तर कोणती गोळी चालेल, हे ऑपरेशनआधीच विचारायचं. आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, ताप आला, उलट्या थांबेनात, पोट फुगलं किंवा चक्कर आली, तर गोळी घेऊन वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. सोसणाऱ्या बायका इथंच उशीर करतात.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. खांदा दुखला होता, रात्री अडीचला तिनं नवऱ्याला उठवलं होतं.

"काय म्हणाले?"

"गोळी आणली, पाणी विसरले. परत पाठवलं."