घरी बिअर करायची आहे. एक्स्ट्रॅक्टने सुरुवात करू की थेट ऑल-ग्रेनचा संच घेऊ? खर्च किती येतो?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी दोन ओळी लिहिल्यात. एक, तुम्ही पुण्यात राहता. दोन, एका मित्राने सांगितलंय की एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे धान्याच्या तयार पाकाची किंवा पुडीची, बिअर ही खरी बिअरच नव्हे. ही दुसरी ओळ वाचली आणि चहा बाजूला सारून लिहायला बसलो. कारण नेमकं हेच मला माझ्या साडूंनी ऐकवलं आहे, दहा माणसांत, माझ्या हातात चकली असताना.

मी मूळचा सांगलीचा. गेली बारा वर्षं अमेरिकेत ओरेगनला, पोर्टलंडशेजारच्या बीव्हरटनमध्ये. बिअरवाल्यांची पंढरी म्हणावी असा हा मुलूख. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची बोंडं, इथे विलामेट खोऱ्यात पिकतात. अमेरिकन पेल एल या बिअरप्रकाराला जो संत्र्याच्या सालीसारखा वास येतो तो बहुतेकदा कॅस्केड हॉप्सचा, आणि ते वाण इथल्याच कॉर्व्हॅलिसच्या संशोधनातून १९७२ साली बाहेर पडलं. यीस्टवाली वायईस्ट कंपनी हूड रिव्हरला, गाडीने तासाभरावर. घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकणारं स्टाइनबार्ट हे दुकान १९१८ सालचं, म्हणजे ओरेगनात दारूबंदी असताना निघालेलं. एवढं सगळं दाराशी असून मी पहिली सहा-सात वर्षं फक्त पीतच होतो.

पहिली बिअर केली २०१९ च्या सप्टेंबरात. हेफेवाइझन, म्हणजे गव्हाची, गढूळ, केळ्याच्या वासाची. पावणेतीन किलो गव्हाच्या माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं) कोरडं एक्स्ट्रॅक्ट, २८ ग्रॅम हालरटाऊ हॉप्स आणि यीस्टचं एक पाकीट. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात तासभर उकळलं. (एक्स्ट्रॅक्ट टाकताना शेगडी बंद करा. दुधासारखं उतू जातं आणि पुसायला दुधापेक्षा वाईट.) थंड करून बादलीत ओतलं, वर पाणी घालून १९ लिटर केलं, यीस्ट टाकलं आणि बादली बाथरूमशेजारच्या कपाटात ठेवली. तिथे योगायोगाने अठरा-एकोणीस अंश तापमान होतं. हा योगायोग लक्षात ठेवा. दोन आठवड्यांनी बाटल्या भरल्या, पन्नासेक झाल्या.

त्यातल्या बारा घेऊन दिवाळीत साडूंकडे गेलो. साडू हिल्सबरोला असतात. त्यांच्या गॅरेजमध्ये स्टीलच्या तीन टाक्या, पंप, तापमानाचा डिजिटल कंट्रोलर, नळ्याच नळ्या. सांगलीचा साखर कारखाना लहान करून आणून ठेवल्यासारखं वाटतं. त्यांनी माझी बिअर ग्लासात ओतली, दिव्यासमोर धरली, वास घेतला, एक घोट घेतला. मग विचारलं, "एक्स्ट्रॅक्ट?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "छान झालीय हो. पाकिटातले गुलाबजामही छानच होतात."

सगळे हसले. बायकोही हसली. ती म्हणते हसली नव्हती, पण मी पाहिलंय.

ज्यांना यातली गोम कळली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑल-ग्रेन म्हणजे भरडलेलं बार्लीचं किंवा गव्हाचं माल्ट तासभर ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात ठेवून त्यातल्या पिष्टाची साखर आपण स्वतः करायची. एक्स्ट्रॅक्टमध्ये तेच काम कारखान्यात झालेलं असतं, पाणी काढून पूड किंवा पाक तुमच्या हातात येतो. पुढचं सगळं, उकळणं, हॉप्स, यीस्ट, आंबवणं, बाटल्या, दोन्हींत सारखंच. म्हणजे फरक आहे तो पहिल्या दीड-दोन तासांचा. नंतरचे तीन-चार आठवडे यीस्टला ते माल्ट कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

हे तेव्हा तोंडावर सुचलं असतं तर पुढचे सहाशे डॉलर वाचले असते. पण मी काय केलं, तर एका माणसाकडून वापरलेला ऑल-ग्रेनचा संच विकत घेतला. घेऊन ठेवला आणि कोविड आला. अखेर २०२१ च्या जूनमध्ये मुहूर्त लागला. तारीख सांगतो, २५ जून, शुक्रवार. ओरेगनवाल्यांना ही तारीख वाचूनच घाम फुटेल. त्या आठवड्याच्या शेवटी इथे उष्णतेची ती प्रसिद्ध लाट आली, आणि सोमवारी २८ तारखेला पोर्टलंडचा पारा ४६.७ अंशांवर गेला. हवामान खातं चार दिवस आधीपासून ओरडत होतं. मी म्हटलं, सांगलीच्या माणसाला उन्हाचं काय सांगता! मी सांगलीचा होतो, पण यीस्ट बव्हेरियाचं होतं.

बादली गॅरेजमध्ये. शनिवारी सकाळी एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणारी झाकणावरची नळी) बुडबुडे इतक्या वेगाने येत होते की मी मोबाइलवर चित्रण करून भावाला पाठवलं, बघ कशी जोरात चाललीय. दुपारी फेसाने एअरलॉक चोंदला आणि झाकण उडालं. छतावर अजून डाग आहे. त्यातून जे उरलं ते नेटाने बाटल्यांत भरलं. महिन्याभराने पहिली बाटली उघडली. बायकोने वास घेऊन नेलपॉलिश काढायच्या बाटलीचं नाव घेतलं, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. यीस्टला अति उष्णता झाली की ते इथिल ॲसिटेट आणि जड अल्कोहोलं सोडतं. मी हट्टाने दीड बाटली प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून मीटिंगला बसलो. बाकीच्या सगळ्या बाटल्या मोरीत.

साडूंचं निदान फोनवर: "मॅशचं, म्हणजे धान्य भिजवलेल्या पाण्याचं, तापमान चुकलं असणार. ऑल-ग्रेन पहिल्या खेपेला झेपत नाही." बाहेर सेहेचाळीस अंश होते याचा उल्लेखही नाही. आमचा खरा वाद इथून सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

मी स्टाइनबार्टमध्ये गेलो आणि काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. बादली कुठे ठेवली होती? आणि बादली, नळी, झाकण कशाने निर्जंतुक केलं? पातेलं कुठलं, टाकी किती लिटरची, पंप आहे का, यातलं एकही अक्षर नाही. मग म्हणाले, आंबताना बिअर स्वतःच तापते, खोलीपेक्षा चार-पाच अंश सहज वर जाते. म्हणून खोलीचं तापमान बघू नका, बादलीचं बघा.

नंतर मी जे केलं त्याला फुकटात जमणारा उपाय म्हणतात. मोठ्या टबात पाणी, त्यात बादली, बादलीला ओला टीशर्ट, टीशर्टचं टोक पाण्यात. आपल्या माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसंच. फारच गरम झालं तर टबात बर्फाच्या दोन बाटल्या. अठरा अंश धरून ठेवता येतात. हेफेवाइझनमध्ये हा खेळ फार स्पष्ट कळतो. थोडं गरम ठेवलं की केळं पुढे येतं, थंड ठेवलं की लवंग. तेच यीस्ट, तेच माल्ट, आणि तीन-चार अंशांनी निराळी बिअर. हे साडूंच्या कंट्रोलरला जमतं तसं टीशर्टलाही जमतं.

त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. तीन बिअर: त्यांची ऑल-ग्रेन हेफे, माझी एक्स्ट्रॅक्टची हेफे आणि दुकानातली जर्मन. दोघी बहिणींनी आत जाऊन ग्लास भरले, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या. चाखायला सात जण. साडूंनी जर्मन बरोबर ओळखली, मान्य. मग एक ग्लास उचलून म्हणाले, "ही एक्स्ट्रॅक्ट. जरा पातळ आहे, मागे काही राहत नाही." चिठ्ठी काढली तर ती त्यांची स्वतःची होती.

त्यांचा खुलासा असा की ग्लासाला साबण राहिला होता, त्यामुळे फेस बसला नाही. साबणाने फेस मरतो हे खरं आहे. पण ग्लास त्यांच्या घरचे होते आणि सकाळी त्यांनीच धुतले होते.

आता उरलेलंही सांगून टाकतो, नाहीतर ते सांगतील. मीही माझी ओळखली नाही. मी साडूंची बिअर उचलून "ही आपली" म्हणालो होतो. त्यांच्या घरी ही गोष्ट एवढीच सांगतात. माझ्या मते यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो: ज्यांनी केली त्या हातांनाही फरक कळत नसेल, तर पाकिटातले गुलाबजाम कुठले नि खव्याचे कुठले?

खर्चाचं. इथे बादली, एअरलॉक, हायड्रोमीटर (साखर किती उरली ते बघायला), नळी, बाटल्यांना बूच लावायचं यंत्र हे सगळं मला सव्वाशे डॉलरच्या आत पडलं, आणि १९ लिटरच्या एका खेपेचं सामान चाळीस-पन्नास डॉलर. स्वस्त पडतं का म्हणाल तर बाटलीमागे हिशोब सुरेख दिसतो, जोपर्यंत तुम्हाला साडू नाहीत. पैसे खर्च करायचेच असतील तर यीस्टवर आणि थर्मामीटरवर करा. स्वच्छतेला न धुता चालणारं ॲसिडवालं द्रावण घ्या. त्याचा फेस राहिला तर काही बिघडत नाही, आणि सुरुवातीला तो फेस बघून प्रत्येकाला बिघडलंच असं वाटतं.

आणि हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. तुम्ही पुण्यात आहात, तर यातलं काहीही करू नका. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे. बिअर त्यात आली, आणि घरापुरती केली म्हणून सूट नाही. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे केंद्राच्या कायद्याने घरची बिअर सुटली, एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. तरी अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ पर्यंत अडून बसले होते. यूट्यूबवरचे लोक बहुतेक तिकडचे, त्यांचं बघून पुण्यात बादली आणू नका.

तुमच्याकडे निराळी चैन आहे. २००९ मध्ये डूलाली पुण्यात निघाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून पाजणारं ठिकाण. नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर महिनोन्‌महिने पडून असायचे आणि त्यांचं डोकं फिरायचं, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. तो टॅप म्हणजे आपला ताप. नंतर इंडिपेंडन्स, एफिनगुट, ग्रेट स्टेट अशी रांगच लागली. मी पुण्यात आलो की कामाच्या दिवशी दुपारी जातो, कारण तेव्हा ब्रुअर मोकळा सापडतो. लहान ग्लास मागवा, हलक्या बिअरकडून जड बिअरकडे जा. पहिलाच घोट कडू आयपीएचा घेतलात तर नंतरच्या गव्हाच्या बिअरची चव पाण्यासारखी लागेल. या आठवड्यात कुठली नवी बिअर आली ते विचारा. "चढते कुठली?" हे विचारू नका. मेहेरबानी करून. आणि एका दिवसात पाच ब्रुअऱ्या उरकून फोटो टाकणाऱ्यांबरोबर जाऊ नका, ती चारधाम यात्रा आहे, तिसऱ्या ठिकाणापासून कुणाला कसली चव लागत नाही.

कधी इकडे आलात तर ऑगस्टच्या अखेरीस या. हॉप्सचा मळा लांबून आपल्या मिरज भागातल्या पानमळ्यासारखा दिसतो, फक्त वेल अठरा फूट वर गेलेले. तोडणी चालू असते, हॉप्स वाळवायच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, आणि आत शिरलं की गुऱ्हाळात शिरल्यासारखी ऊब अंगावर येते. वास मात्र गुळाचा नाही, कडू-हिरवा. एक बोंड चुरगळलं की बोटांना पिवळा चिकटा लागतो आणि दिवसभर जात नाही. ब्रुअरीवाले ओले हॉप्स त्याच दिवशी नेऊन बिअरमध्ये टाकतात. ती बिअर सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळते आणि संपते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, जिथे कायदा आड येत नाही तिथल्यासाठी: एक्स्ट्रॅक्ट. किमान पाच खेपा. एक गोष्ट मात्र एक्स्ट्रॅक्टला जमत नाही, फिकट सोनेरी पिल्सनर. उकळून त्याचा रंग गडद होतोच, आणि बिअर किती कोरडी उतरावी हेही फारसं हातात राहत नाही. म्हणून गेली दोन वर्षं मीही बहुतेक वेळा ऑल-ग्रेनच करतो. टाक्या-पंप नाहीत, एकाच मोठ्या पातेल्यात कापडी पिशवी सोडायची, तीत भरडलेलं धान्य, तासाभराने पिशवी उचलून पिळायची, चक्क्याचं दही टांगतो तशी. पिशवी धुऊन मागच्या अंगणात वाळत घालतो. साडूंची गाडी दिसली की आत घेतो.