आजीची ट्राम आणि आईचं विरजण

तुमच्या आजी ८४ वर्षांच्या. सकाळची गोळी घेतली का, हे दुपारी आठवत नाही. पण ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला निघालेली मुंबईची शेवटची ट्राम, तिच्यामागे धावणारी माणसं, सगळं जसंच्या तसं सांगतात. मेंदूतली बहुतेक प्रथिनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडतात आणि नवी बनतात, मग ही ट्राम साठ वर्षं राहिली कुठे, असं तुम्ही विचारलंय. नेमका हाच पेच डीएनएच्या रचनेचे सहशोधक फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली मांडला होता. मी दादरच्या एका कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या गिरगावातल्या चाळीत आई रोज रात्री कोमट दुधात चमचाभर दही घालून पातेलं फडक्याने झाकून ठेवायची. दूध रोज नवं, दही रोज संपायचं, तरी विरजण तेच. कधी खंड पडलाच तर शेजारच्या काकूंकडून वाटीत आणायचं. आठवणीचं असंच आहे. टिकतो तो जिन्नस नव्हे, टिकतं ते विरजण.

मेंदूत हे विरजण म्हणजे आरएनएला धरून राहणारं एक प्रथिन, सीपीईबी. चेतापेशीच्या केंद्रकातून निघालेले संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याच्या चिठ्ठ्या, लांबच्या फांद्यांपर्यंत पोचतात आणि त्यातले बरेच तिथे निजून राहतात, कारण त्यांची शेपटी आखूड असते. सीपीईबी त्यांच्यावरचा ठरावीक भाग ओळखून चिकटतं. त्याने खूण केली की शेपटी वाढते आणि तिथल्या तिथे प्रथिन बनू लागतं. एका चेतापेशीला दुसऱ्या चेतापेशींशी जोडणारे हजारो सांधे असतात. जिथे अनुभवाचा ठसा उमटला तोच सांधा मजबूत व्हायला हवा, शेजारचा नाही. म्हणून हे स्थानिक काम इतकं मोलाचं.

आता खरी गंमत. २००३ मध्ये स्मृतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत कौशिक सी यांनी दाखवलं की अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीचं सीपीईबी प्रायॉनसारखं वागतं: एका रेणूने आकार बदलला की शेजारच्यांनाही तो त्याच आकारात ओढतो आणि त्यांची गुठळी बनते. जुने रेणू मोडले तरी नवे येऊन त्याच घडीत बसतात. गोगलगायीत हे प्रथिन अडवलं, तर सांध्याची वाढलेली ताकद २४ तासांनी शाबूत होती, ७२ तासांनी मात्र ओसरली. म्हणजे ठसा उमटवणं वेगळं आणि राखणं वेगळं.

फळमाशीत याच प्रथिनाला ऑर्ब२ म्हणतात. माशीची आठवण तपासायचा प्रयोग असा: एका नळीत एक वास आणि विजेचा सौम्य झटका, दुसऱ्या नळीत नुसता दुसरा वास. नंतर माशी झटक्याचा वास टाळते. एवढ्याशा जिवाला आठवण असते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटूनच बसले होते. (आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकींनी माशीच्या वासाच्या ज्ञानावर मोठं काम केलं, हे मुंबईकरांनी विसरू नये.) ऑर्ब२ला गुठळी करू न देणारा बारीकसा बदल केला की माशी शिकते, पण दोन दिवसांपलीकडे लक्षात ठेवत नाही. २०२० मध्ये सी यांच्या गटाने सुमारे ३० लाख माश्यांच्या डोक्यांतून या गुठळ्या वेगळ्या काढून त्यांची रचना पाहिली. ती अ‍ॅमिलॉइड, म्हणजे प्रथिनांच्या घट्ट रचलेल्या धाग्यांची, निघाली! अल्झायमरमुळे आपण ज्या शब्दाला घाबरतो, तोच. सुट्टं ऑर्ब२ प्रथिननिर्मिती रोखतं, गुठळीतलं ती चालू करतं. उंदरांत हे काम सीपीईबी३ करतं.

आता आजींबद्दल. नवी आठवण आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आतल्या भागावर विसंबून असते आणि म्हातारपणी तोच भाग लवकर थकतो; जुनी आठवण मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, पसरलेली असते. ‘स्मृतिवर्धक’ पावडरींनी सीपीईबी वाढत नाही, त्यावर पैसे घालवू नका. त्याआधी डॉक्टरांना दाखवून बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेने होणारं विसरणं औषधाने सुधारू शकतं. गोळ्यांसाठी वारांची डबी आणा. आणि त्या ट्रामविषयी बोलायला लागल्या की फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्या स्टॉपवर उभ्या होत्या, हातात काय होतं, तेही विचारा.