किबोर्ड आधी परत द्या

(इचलकरंजीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचे स्वतःचे आठ माग आहेत. मुलगा अकरावी सायन्सला, कोल्हापूरला इंटिग्रेटेड (कॉलेज आणि क्लास एकत्र) कॉलेजात. दहावीला ८९ टक्के, पण पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ९. रात्री तो 'नुसते रंगीत ठोकळे जोडायचा प्रोग्राम' बनवत बसतो, म्हणून वडिलांनी किबोर्ड काढून नेला. त्यांचा प्रश्न: ह्याचं मन ह्यातून कसं काढायचं? आणि शेवटी एक ओळ: 'हे खरंच कामाचं असेल तर पेटंट घेऊन विकता येईल का?' पत्रासोबत मुलाच्या आईची चार ओळींची चिठ्ठी आहे आणि मुलाने पेन्सिलीने लिहिलेले दोन प्रश्न.)

नमस्कार,

तुमच्या दीड पानी पत्रात 'नुसता', 'नुसते' हा शब्द चार वेळा आलाय. नुसता खेळ, नुसते ठोकळे, नुसता वेळ, आणि चौथ्यांदा 'नुसता बघत बसतो, बोलत नाही'. पहिले तीन मी बाजूला ठेवतो. चौथ्यावर मी थांबलो.

सोळा वर्षांचा मुलगा घरात बोलायचा बंद झालाय, ही बातमी तुम्ही ओळीच्या शेवटी, जाता जाता दिली आहे. फिजिक्सच्या ९ मार्कांना मात्र अख्खा परिच्छेद. मला हे उलटं वाटतं. राज्य बोर्डातून दहावीला ८९ टक्के मिळवून आलेल्या मुलांना अकरावीच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ८-१० पडणं दरवर्षीचं आहे. विषयाची उडी मोठी असते, दिवाळीपर्यंत बरीच मुलं सावरतात. बोलणं बंद झालेला मुलगा दिवाळीपर्यंत आपोआप सावरत नाही.

किबोर्ड बारदानात गुंडाळून कारखान्यातल्या कपाटात ठेवला, असं तुम्ही लिहिता. लिहिण्यात थोडा अभिमानही दिसतो, राग मानू नका. त्यानंतर काय झालं ते तुमच्या पत्रात नाही, ते त्याच्या आईच्या चिठ्ठीत आहे. सुताच्या कोनांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याने तेच ठोकळे बनवलेत आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकात लपवलेत. एकाला वरून खाच, दुसऱ्याला खालून टोक, एक इंग्रजी 'सी'सारखा. रात्री गादीवर मांडून जुळवत बसतो. म्हणजे किबोर्ड गेला आणि काम चालूच राहिलं. फरक इतकाच, की आता ते तुमच्यापासून लपून चालतं.

आता वेळेचा हिशोब करू, कारण तुमचा सगळा रोख वेळेवर आहे. मुलगा सकाळी सहाला घर सोडतो आणि संध्याकाळी साडेसातला परत येतो. साडेतेरा तास. त्यात बस, कॉलेज, क्लास सगळं आलं. जेवण झाल्यावर तो दीड तास हे करतो. फिजिक्सचे मार्क त्या दीड तासाने खाल्ले, असं तुम्ही ठरवून टाकलंत. साडेतेरा तासांत काय शिकवलं जातंय आणि त्यातलं किती डोक्यात जातंय, हे कॉलेजात जाऊन विचारलंत का? फी भरली आहे, विचारायचा हक्क आहे. पुण्याच्या चुलतभावाचं उदाहरण तेवढं आता बंद करा. त्याला फिजिक्सला २१ पडले म्हणून तुमच्या मुलाला बलाचे नियम कळणार नाहीत.

परीक्षांचं एका दमात सांगतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी राज्याची एमएचटी-सीईटी आणि देशपातळीवरची जेईई मेन या प्रवेश परीक्षा. बीसीए करायचं तर त्याचीही आता सीईटी असते. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा काही कमीपणाचा रस्ता नाही. आणि गणित खरंच आवडत असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची एकत्र पदवी आहे, तिची प्रवेश परीक्षा वेगळी. तुमच्या मुलाला गणितात २५ पैकी २२ आहेत. सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे असतात आणि उरलेल्या १०० मध्ये फिजिक्स-केमिस्ट्री मिळून. एवढं कळल्यावर तरी त्या ९ मार्कांचा धसका थोडा कमी व्हावा.

आता तुमचा जो खरा गैरसमज आहे त्याकडे येतो. 'ठोकळे ओढून कोणी इंजिनिअर होत नाही, हा शाळेतल्या पोरांचा खेळ आहे.' यातलं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ साली 'स्क्रॅच' ही ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायची भाषा काढली ती आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीच. ठोकळे जोडायचे की मांजर चालतं. पण तुमचा मुलगा स्क्रॅच खेळत नाहीये. तो स्वतःचं छोटं स्क्रॅच बनवतोय. कापड नेसणं आणि माग बसवणं यातला फरक मी इचलकरंजीच्या माणसाला काय सांगणार! ठोकळा सोडला की जवळचा कोणता, त्याची खाच जुळते का, हे पडद्यावर मोजावं लागतं. जोडलेल्या ठोकळ्यांचं आत एक झाड तयार होतं, कोण कोणाच्या पोटात, कोण कोणाच्या खाली. मग ते झाड फांदी-फांदीने वाचून चालवावं लागतं. ही डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवायची पद्धत) आणि इंटरप्रिटरची (प्रोग्राम वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामची) तोंडओळख आहे; इंजिनिअरिंगला या गोष्टी पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला येतात. आणि ठोकळे म्हणजे पोरखेळच असता तर अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठाने स्वतःचं ठोकळ्यांचं 'स्नॅप' घेऊन पदवीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवलं नसतं. तुमच्या डॉबीच्या (डिझाइन विणायच्या) मागावर पट्ट्यांची साखळी असते. पट्टीवर खुंटी आहे तिथली वही, म्हणजे ताण्याचे धागे ओवलेली चौकट, उचलली जाते, नाही तिथली खाली राहते, साखळी फिरून पहिल्या पट्टीवर आली की डिझाइन पुन्हा सुरू. खुंट्या कुठं ठोकायच्या हे तुम्ही ठरवता तेव्हा तुम्ही काय करत असता?

त्याच्या कागदावर मला आवडलेली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याचे ठोकळे मराठीत आहेत. आधी त्याने 'पुढे जा [१०] पावलं' असं लिहिलं होतं, ते खोडून '[१०] पावलं पुढे जा' केलंय आणि शेजारी टीप: 'आपण असं बोलतो.' आकड्याची चौकट ठोकळ्याच्या मधून उचलून सुरुवातीला न्यायची म्हणजे ठोकळा रंगवायची पद्धतच बदलावी लागते, आणि ती त्याने बदलली आहे. मी शिकवायचो त्या काळात तयार प्रोग्राममधले शब्द भाषांतर करून 'मराठी केलं' म्हणणारे खूप पाहिले. असा मुलगा पाहिला नव्हता.

आता पेटंट. साहेब, एका पानावर तुम्ही ते फेकून द्यायला निघालात आणि दुसऱ्या पानावर विकायला. दोन्हीत मुलगा कुठं आहे? विकायचं उत्तर सरळ आहे: नाही. भारताच्या पेटंट कायद्यात नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. (बघा, 'नुसता' मीही वापरला.) शिवाय स्क्रॅच फुकट आहे, आणि गुगलने बनवलेलं 'ब्लॉकली', ज्याच्यावर आजचं स्क्रॅच उभं आहे, तेही कोड उघडा ठेवून कोणालाही वापरायला दिलंय. चौदा ठोकळ्यांचा प्रोग्राम कोण विकत घेणार?

आणि उलट्या बाजूचंही कटू ते सांगतो, म्हणजे मुलाच्या मनात खोटी आशा राहायला नको. या प्रोजेक्टमुळे त्याला कुठल्याही सरकारी कॉलेजात अर्धा मार्क जास्त मिळणार नाही. सीईटी आणि जेईईत मुलाने घरी काय बनवलं हे कोणी विचारत नाही. फिजिक्स करावंच लागेल, रोज, कंटाळा आला तरी. माझं म्हणणं एवढंच, की रात्रीचा तो दीड तास एक तास करा आणि उरलेला अर्धा फिजिक्सच्या गणितांना द्या. पण हे त्याच्याशी बसून ठरवा. कपाटाची किल्ली खिशात ठेवून ठरवू नका. आणि एका रविवारी माग बंद असताना त्याच्या शेजारी बसून दाखव म्हणा. सल्ला देऊ नका. 'याचं पुढे काय?' हा प्रश्न त्या दिवशी तरी विचारू नका.

आता चिरंजीवांसाठी, त्याच्या दोन प्रश्नांबद्दल.

पहिला: 'सी'च्या पोटात दुसरा 'सी' घातला की आतला ताणला जातो, बाहेरचा आखूडच राहतो. कारण तू ठोकळा ज्याच्या पोटात टाकलास त्याचीच उंची बदलतोस, त्याच्या बाहेर कोण आहे त्याला कळवतच नाहीस. 'सी'ची उंची म्हणजे वरची पट्टी, खालची पट्टी आणि पोटातल्या सगळ्यांच्या उंचीची बेरीज. पोट रिकामं असेल तर एका ठोकळ्याएवढी जागा. कुठंही बदल झाला की आतून बाहेर एकेकाला पुन्हा मोजत जा, सगळ्यात बाहेरच्यापर्यंत. ज्या फंक्शनने एक 'सी' मोजतोस त्यानेच आपल्या पोटातल्या 'सी'साठी स्वतःला बोलवायचं. पुठ्ठ्यावर हे दिसणार नाही, कारण पुठ्ठा ताणला जात नाही.

दुसरा: 'सतत' ठोकळा चालवला की अख्खं पान गोठतं. ब्राउझर तुझा प्रोग्राम चालवत असताना पडदा रंगवू शकत नाही, तुझं संपायची वाट बघतो, आणि 'सतत' कधी संपतच नाही. म्हणून एक फेरी झाली की थांब, पडदा रंगू दे, मग पुढची फेरी. स्क्रॅचही हेच करतं, सेकंदाला साधारण तीस वेळा. ब्राउझरमधलं 'रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम' नावाचं फंक्शन काय करतं ते वाच. अवघड भाग पुढे आहे: मध्येच थांबलास तर कोणत्या ठोकळ्यावर होतास आणि कोणाच्या पोटात, हे लिहून ठेवावं लागेल, नाहीतर परत पहिल्यापासून सुरू होईल. एकावर एक वह्या रचतो तशी रास कर. आत शिरलास की वर एक ठेव, बाहेर पडलास की वरची काढ.

हे दोन्ही करून बघायला किबोर्ड लागेल. तो बाबांकडे स्वतः माग. त्यांनी हे उत्तर तुझ्या आधी वाचलेलं असेल.